रॉबर्ट वाइटब्रेक्ट : टेलिफोनला लिहायला लावणारा माणूस

मॉडेम म्हणजे मॉड्युलेटर-डीमॉड्युलेटर. हे उत्तर आपल्या सगळ्यांना पाठ असतं. व्हायवात विचारलं की धाडकन सांगायचं आणि मोकळं व्हायचं! पण मित्रांनो, मॉडेमचा आवाज आपल्यापैकी कितीजणांनी ऐकलाय? आपल्या पिढीला वायफाय आयतंच मिळालं. (होस्टेलचं वायफाय हा वेगळा विषय आहे. त्यावर पुढच्या अंकात कोणीतरी खंडकाव्य लिहावं!) स्टाफरूममधल्या कोणत्याही सरांना किंवा मॅडमना विचारा, ते सांगतील. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्या काळात टेलिफोनच्या लाइनवरून कनेक्ट होताना मॉडेम असा काही किंचाळायचा की घरातले सगळे जागे व्हायचे. ते किंचाळणं म्हणजे दोन कॉम्प्युटरचं सुरांमधलं बोलणं होतं.

गंमत म्हणजे, तो आवाज मुद्दाम परत आणणारी मंडळी आज जगभर आहेत. कोणी चाळीस वर्षांपूर्वीचे मॉडेम दुरुस्त करून एकमेकांना जोडतं. कोणी हॅम रेडिओवरून सेकंदाला १२०० बिटच्या कूर्मगतीने डेटा पाठवतं. कोणी दुसऱ्या महायुद्धाच्या वेळचा, चाळीस-पन्नास किलोचा टेलिप्रिंटर गॅरेजमध्ये आणून त्याला तेल-पाणी करतं आणि त्यावर खडखडत संदेश छापून दाखवतं. खिशात फाइव्ह-जी फोन असताना हे कशाला, असा प्रश्न पडतो ना? रिकामटेकडे उद्योग वाटतात.

या प्रश्नाचं चांगलं उत्तर एका माणसाच्या आयुष्यात सापडतं. त्यानेही जुने टेलिप्रिंटर आणि हॅम रेडिओ यांच्याशीच खेळ केला होता. त्या खेळातून जे निघालं त्यामुळे टेलिफोनच्या जन्मानंतर तब्बल ८८ वर्षांनी कर्णबधिर माणसं फोनवर एकमेकांशी बोलू लागली. त्याचं नाव रॉबर्ट वाइटब्रेक्ट. आणि तो स्वतः ठार बहिरा होता.

बोटांनी ऐकणारा मुलगा

रॉबर्ट हेग वाइटब्रेक्टचा जन्म ११ एप्रिल १९२० रोजी अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातल्या ऑरेंज या गावी झाला. कान जन्मापासूनच बंद. पण डोकं मात्र विलक्षण. त्याला दोन गोष्टींचं वेड होतं, एक आकाशातले तारे आणि दुसरं रेडिओ.

तारे ठीक आहे, ते बघायचे असतात. पण बहिऱ्या मुलाला रेडिओचं वेड? तर इथे हॅम रेडिओ म्हणजे काय ते थोडं सांगायला हवं. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, स्वतःचं एक कॉल साइन मिळवायचं आणि मग स्वतःच्या सेटवरून जगातल्या इतर हॅमशी संपर्क करायचा. त्यातून पैसे कमवायचे नाहीत, हा पहिला नियम. त्या काळात यातलं बरंचसं बोलणं मोर्स कोडमधून व्हायचं. लांब ठोका, आखूड ठोका, मधे शांतता. रॉबर्टच्या लक्षात आलं की ठोका कानानेच घ्यायला हवा असं कुठे आहे? आवाज म्हणजे शेवटी कंपन. तो बोटांनी ती कंपनं टिपून मोर्स वाचायला शिकला आणि हॅम झाला! पुढे कॅलिफोर्नियातलं त्याचं कॉल साइन होतं डब्ल्यू ६ एनआरएम. रेडिओच्या जुन्या मंडळींना ते आजही माहीत आहे.

शिक्षणातही गडी मागे राहिला नाही. १९४२ मध्ये तो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले कॅम्पसमधून खगोलशास्त्रात पदवीधर झाला. महायुद्धाच्या काळात त्याच विद्यापीठाच्या रेडिएशन लॅबोरेटरीत त्याने काम केलं. नंतर काही काळ नौदलाच्या क्षेपणास्त्र चाचणी केंद्रात. मग विस्कॉन्सिनमधल्या यर्किस वेधशाळेत, जिथे ४० इंच व्यासाची, भिंगांची जगातली सगळ्यात मोठी दुर्बीण आहे. ही वेधशाळा तेव्हा शिकागो विद्यापीठाची होती आणि त्या विद्यापीठाची मास्टर्स डिग्रीही त्याने १९५७ मध्ये घेतली. पुढे तो कॅलिफोर्नियाला परतला आणि स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये संशोधक म्हणून काम करू लागला.

आता एवढ्या सगळ्या लेक्चर्स, मीटिंग्ज, लॅबमधली चर्चा हे सगळं त्याने ऐकू न येता कसं निभावलं असेल, याचा जरा विचार करून बघा. आपण शेवटच्या बाकावर बसलो तर सरांचा आवाज येत नाही म्हणून तक्रार करतो!

खडखडणारं यंत्र

महायुद्ध संपलं आणि लष्कराचं, तार कंपन्यांचं बरंच सामान जुन्या बाजारात आलं. त्यात टेलिप्रिंटरही होते. टेलिप्रिंटर म्हणजे टाइपरायटरचाच मोठा भाऊ. इकडे कळ दाबली की तिकडे दूरच्या यंत्रावर तेच अक्षर छापलं जातं. आपल्याकडेही तार ऑफिसात आणि वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत ही यंत्रं रात्रंदिवस खडखडत असायची. आपली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, त्याच्या बऱ्याच आधी ही खडखड थांबली होती.

या यंत्राची आतली भाषा पाच बिटची. मूळ कल्पना फ्रान्सच्या एमिल बोदोची, १८७४ च्या पेटंटमधली. (ज्या बॉड रेटवर आपल्याला हमखास दोन मार्कांचा प्रश्न येतो, तो बॉड याच बोदोच्या नावावरून!) पाच बिट म्हणजे ३२ जोड्या. अक्षरं २६, मग आकडे आणि चिन्हं कुठे बसवायची? तर एक जोडी आता अक्षरं येणार म्हणून सांगते आणि एक आता आकडे येणार म्हणून. कॅप्स लॉकसारखंच. प्रत्येक अक्षरासाठी आधी एक स्टार्ट बिट, मग पाच डेटा बिट, शेवटी स्टॉप बिट. एक बिट २२ मिलिसेकंदांचा, स्टॉप बिट थोडा लांब, ३१ मिलिसेकंदांचा. बेरीज करा, १६३ मिलिसेकंद होतात. म्हणजे सेकंदाला साधारण सहा अक्षरं, मिनिटाला ६० इंग्रजी शब्द. वेग ४५.४५ बॉड. हा लेख त्या यंत्रावरून पाठवायचा तर पाऊण तास तरी लागला असता.

हौशी रेडिओवाल्यांनी ही यंत्रं रेडिओला जोडली. यंत्राच्या आत फक्त विजेचं चालू-बंद असतं. त्याचे दोन सूर करायचे. चालूला एक सूर, त्याला म्हणायचं मार्क. बंदला दुसरा, त्याला म्हणायचं स्पेस. हेच आपलं फ्रिक्वेन्सी शिफ्ट कीइंग, कम्युनिकेशनच्या पेपरातलं एफएसके. १९५३ मध्ये अमेरिकन सरकारने हॅम लोकांना लांब पल्ल्याच्या बँडवर त्याची परवानगी दिली आणि रेडिओ-टेलिप्रिंटरचा छंद जोरात सुरू झाला.

रॉबर्टसाठी तर ही पर्वणीच होती. कागदावर शब्द उमटतात, कानाचं काही कामच नाही! पलीकडे बसलेल्याला हा माणूस बहिरा आहे हे कळायचंही कारण नव्हतं. तो नुसता वापरून थांबला नाही. रेडिओवर सिग्नल कधी बुडतो, कधी त्यात खरखर मिसळते, अशा वेळी सूर नीट ओळखून यंत्राला बरोबर बिट देणारी रिसीव्हर सर्किट्स त्याने स्वतः डिझाइन केली. हॅम मंडळींत ती चांगली गाजली.

आणि तरीही एक विचित्र गोष्ट शिल्लक होती. हा माणूस रेडिओवरून हजार मैलांवरच्या अनोळखी माणसाशी गप्पा मारू शकत होता, पण पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरांना फोन करून अपॉइंटमेंट घेऊ शकत नव्हता.

फोन नावाची भिंत

टेलिफोनचं पेटंट अलेक्झांडर ग्रॅहम बेलला १८७६ मध्ये मिळालं. हे आपण शाळेत शिकलोय. पण बेलचा खरा पेशा कर्णबधिरांना शिकवण्याचा होता, हे तितकं माहीत नसतं. त्याच्या आईला नीट ऐकू येत नव्हतं. त्याची बायको मेबल लहानपणीच्या आजारपणामुळे पूर्ण बहिरी होती. असा माणूस जे यंत्र बनवतो, त्याच यंत्रामुळे बहिरी माणसं जगापासून आणखी तुटली. कारण टेलिफोन येण्याआधी सगळेच पत्र लिहायचे किंवा समक्ष जाऊन भेटायचे, तिथे बहिरा आणि ऐकणारा यांच्यात फारसा फरक नव्हता. फोन घरोघर आला आणि नोकरी, दुकान, दवाखाना, पोलीस, सगळं फोनवर गेलं. ज्याला ऐकू येत नाही त्याने काय करायचं? शेजाऱ्याच्या हातापाया पडायचं, नाहीतर लहान मुलाला फोनवर उभं करून त्याच्या तोंडून आपले व्यवहार करायचे. मित्राला भेटायचं तर गाडी काढून त्याच्या घरी जायचं आणि तो घरी नसला तर दाराला चिठ्ठी लावून परत यायचं. हे एक-दोन वर्षं नाही, तीन-चार पिढ्या चाललं.

टेलिफोन कंपनीला हे सोडवता आलं नसतं का? अमेरिकेत तेव्हा जवळजवळ सगळी टेलिफोन व्यवस्था एटी अँड टी या एकाच कंपनीच्या ताब्यात होती. जगातली उत्तमोत्तम डोकी तिच्या बेल लॅब्समध्ये बसलेली. ट्रान्झिस्टरसुद्धा तिथलाच. टेलिप्रिंटर बनवणारी टेलिटाइप कंपनीही तिचीच. सगळं सामान एका छपराखाली होतं! पण हा प्रश्न कोणाच्या टेबलावर आला नाही. उलट कंपनीचा नियम असा की, कंपनीने न दिलेली कोणतीही वस्तू टेलिफोनच्या लाइनला जोडायची नाही. हा नियम इतका कडक होता की, फोनवरचं बोलणं शेजारच्याला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडाशी लावायच्या एका साध्या टोपणावरूनही कोर्टकचेरी झाली होती. त्याचा निकाल १९५६ मध्ये टोपणवाल्याच्या बाजूने लागला, पण तारांचे नियम तसेच राहिले.

तिघे जण आणि दोन रबरी कप

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जेम्स मार्स्टर्स नावाच्या माणसाला वाइटब्रेक्टच्या या टेलिप्रिंटर-प्रकरणाबद्दल कळलं. मार्स्टर्स हा लॉस एंजेलिसजवळच्या पॅसाडीनाचा दातांचा डॉक्टर. वेडेवाकडे दात सरळ करणारा ऑर्थोडॉन्टिस्ट. तोही बहिरा. आणि अशा जिद्दीचा की त्याने विमान चालवायचं लायसन्सही काढलं होतं! त्याचा प्रश्न सरळ होता. रेडिओवर जे जमतं ते टेलिफोनवर का जमू नये? प्रत्येक बहिऱ्या माणसाने हॅमची परीक्षा देणं शक्य नाही. पण टेलिफोनच्या तारा तर घरोघर गेलेल्या आहेत. त्यांना तिसरा साथीदार मिळाला अँड्र्यू सॅक्स, तोही कर्णबधिर. त्याला व्यवसायाचं अंग होतं.

आता इंजिनिअरिंगकडे येऊ. वरवर पाहता काम सोपं वाटतं. सूर तयारच आहेत, फक्त रेडिओऐवजी फोन. प्रत्यक्षात तीन अडचणी होत्या.

पहिली, नियमाची. लाइनला वायर जोडायची नाही. मग वायर जोडूच नका! रिसीव्हर उचला आणि दोन कप असलेल्या एका खोबणीत ठेवा. एका कपातला छोटा स्पीकर फोनच्या तोंडाशी सूर वाजवणार, दुसऱ्या कपातून फोनच्या कानाशी येणारा सूर टिपायचा. फोनला वाटणार माणूसच बोलतोय. विजेचा संबंध कुठेही नाही, मग नियम तरी कुठे मोडला? याला म्हणतात अकूस्टिक कप्लर.

दुसरी, जागेची. त्या काळी रेडिओ-टेलिप्रिंटरवर २१२५ आणि २९७५ हर्ट्झचे सूर वापरायचे. फोनची लाइन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झचीच, आणि वरच्या टोकाला ती फार भरवशाची नसते. म्हणून सूर मधल्या भागात आणि जवळजवळ आणले गेले. पुढे जे रूढ झाले ते १४०० हर्ट्झला मार्क आणि १८०० हर्ट्झला स्पेस.

तिसरी अडचण खरी डोकं खाणारी होती. प्रतिध्वनी! लांबच्या फोनवर आपलाच आवाज पलीकडून आपटून क्षणभराने परत येतो. माणूस बोलत असेल तर तो दुर्लक्ष करतो. यंत्राला तेवढी अक्कल नसते. आपणच पाठवलेला सूर परत आला की ते त्याला समोरच्याचं अक्षर समजून काहीतरी भलतंच छापतं. त्यातून रेडिओवर मार्कचा सूर सतत चालू ठेवायची पद्धत होती. फोनवर दोन्ही बाजूंनी असा सतत सूर लावला तर गोंधळच. वाइटब्रेक्टने उपाय काढला तो असा की, कळ दाबली की तेवढ्यापुरता सूर सुरू व्हावा, शेवटच्या अक्षरानंतर किंचित काळ रेंगाळावा आणि मग बंद व्हावा. आपण पाठवत असताना आणि त्या रेंगाळण्याच्या वेळात आपलं यंत्र लाइनवरून काही ऐकत नाही, त्यामुळे परत आलेला प्रतिध्वनी तिथेच मरतो. मग लाइन मोकळी, आता समोरच्याने बोलावं. खरखरीतून सूर ओळखण्याचं कसब तर त्याच्याकडे हॅम रेडिओवरच्या वर्षानुवर्षांच्या खटपटीमुळे होतंच.

मे १९६४ मध्ये पाचशेहून जास्त किलोमीटर अंतरावरून वाइटब्रेक्ट आणि मार्स्टर्स यांनी साध्या टेलिफोन लाइनवर हा प्रयोग केला. सुरुवातीला कागदावर नुसती अक्षरांची खिचडी उमटली. वाइटब्रेक्ट सर्किटशी खटपट करत राहिला. आणि मग हळूहळू शब्द नीट दिसू लागले. दोन बहिरी माणसं, मधे कोणी दुभाषा नाही, आणि टेलिफोनवरून थेट बोलणं चाललेलं! बेलच्या पेटंटला तेव्हा ८८ वर्षं झाली होती.

या बोलण्याचे शिष्टाचारही रेडिओ आणि तारेवरूनच आले. एका वेळी एकानेच टाइप करायचं असल्यामुळे आपलं म्हणणं संपलं की जीए ही दोन अक्षरं लिहायची, म्हणजे आता तू बोल. संभाषण संपवायचं तर एसके. मोर्सवाले निरोप घेताना हेच वापरायचे. पुढच्या काळात ज्या लाखो लोकांनी ही अक्षरं टाइप केली, त्यातल्या बहुतेकांचा हॅम रेडिओशी काडीचाही संबंध नव्हता.

भंगारातून टेलिफोन

शोध लागला, पण यंत्रं आणायची कुठून? नवा टेलिप्रिंटर सामान्य माणसाच्या आवाक्यातला नव्हता. जुने होते, पण कंपन्या ते बाहेर पडू देत नसत. ती यंत्रं मोडीतच जायची. आपलीच जुनी यंत्रं वापरून कोणी स्पर्धा करू नये, असा हिशोब.

तिघांनी मिळून एपकॉम नावाची छोटी कंपनी काढली आणि फोनटाइप नावाने हा मॉडेम विकायला सुरुवात केली. पहिली काही वर्षं वापरणारे अगदी मोजके होते. ज्याच्याकडे यंत्र आहे त्याला बोलायला दुसरा यंत्रवाला हवा, आणि दुसरा म्हणतो आधी बाकीच्यांकडे येऊ दे! नेटवर्कचं हे दुखणं आपल्याला ओळखीचं आहे. एकट्याच्या फोनवर नवं चॅट अॅप घेऊन काय करणार?

१९६८ साली दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे कार्टरफोनचा निकाल. टॉम कार्टर नावाच्या टेक्सासच्या माणसाने दुहेरी रेडिओ आणि टेलिफोन यांना जोडणारं एक उपकरण बनवलं होतं. त्यातही फोनचा रिसीव्हर खोबणीतच ठेवायचा. कंपनीने विरोध केला, पण सरकारी दूरसंचार आयोगाने निकाल कार्टरच्या बाजूने दिला. बाहेरची उपकरणं लाइनला जोडण्याचं दार तिथून उघडलं. पुढे घरोघर मॉडेम आले, त्याची सुरुवात त्या निकालात आहे.

दुसरी गोष्ट, एटी अँड टीने आपले जुने टेलिप्रिंटर कर्णबधिरांना द्यायला मान्यता दिली. ते वाटण्यासाठी त्याच वर्षी टेलिटाइपरायटर्स फॉर द डेफ ही संस्था उभी राहिली. मग काय, जागोजागी गॅरेजमध्ये, तळघरात ही धुडं येऊन पडू लागली. कर्णबधिर माणसांनी स्वतः हात काळे करून ती खोलली, धुतली, तेल घातलं, तुटके भाग दुसऱ्या यंत्रातून काढून बसवले. त्यांच्या मदतीला कोण आलं असेल? टेलिफोन कंपनीतून निवृत्त झालेले तंत्रज्ञ! टेलिफोन पायोनियर्स या त्यांच्या संघटनेने कित्येक यंत्रं फुकट दुरुस्त करून दिली. कंपनीने कधी न सोडवलेला प्रश्न तिच्याच जुन्या माणसांनी संध्याकाळी मोकळ्या वेळात सोडवायला हातभार लावला. टेलिफोनची घंटा ऐकू येत नाही म्हणून घंटेला दिवा जोडला. दिवा लुकलुकला की फोन आला. रात्री एखाद्या घरात दिवा लुकलुकायचा आणि घरातले सगळे त्या खडखडणाऱ्या यंत्राभोवती जमायचे, असं ते चित्र होतं.

१९७० मध्ये वाइटब्रेक्टला त्याच्या योजनेचं पेटंट मिळालं. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्येच जॉन व्हॅन गीन याने अकूस्टिक कप्लर कॉम्प्युटरच्या डेटासाठी आणखी भरवशाचा केला. सत्तरच्या दशकात प्रोग्रामर लोक टर्मिनलशेजारच्या खोबणीत फोन ठेवून दूरच्या कॉम्प्युटरवर काम करू लागले.

उत्तरार्ध

सत्तरच्या दशकात इलेक्ट्रॉनिक्स स्वस्त झालं. शंभर पौंडी यंत्राच्या जागी ब्रीफकेसमध्ये मावणारं, छोट्या पडद्यावर अक्षरं दाखवणारं यंत्र आलं. बाजारात दुसऱ्या कंपन्या उतरल्या आणि एपकॉम फारशी मोठी झाली नाही. वाइटब्रेक्टला या शोधातून गडगंज पैसा मिळाला नाही. पण त्याच्या पाच बिटच्या, ४५.४५ बॉडच्या पद्धतीला कोणी हलवू शकलं नाही. आस्की कोड वेगवान होता, जास्त चिन्हांचा होता, कॉम्प्युटरला चालणारा होता. तरीही लोकांच्या घरात जी यंत्रं होती ती जुन्या पद्धतीची, त्यांच्याशी बोलायचं तर नव्या यंत्रालाही जुनी भाषा यायलाच हवी. म्हणून अमेरिकेत पुढची कित्येक वर्षं मायक्रोप्रोसेसरवाली चकचकीत यंत्रंसुद्धा १९२० च्या दशकातल्या टेलिप्रिंटरच्या वेगाने बोलत राहिली. बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटीचं यापेक्षा चांगलं उदाहरण पुस्तकात सापडणार नाही.

१९८३ च्या मे महिन्यात रस्त्यावर त्याला एका मोटारीने धडक दिली आणि ३० मे रोजी त्याचा मृत्यू झाला. वय ६३.

त्यानंतर सात वर्षांनी, १९९० मध्ये, अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा मोठा कायदा झाला. त्यात कर्णबधिरांना टाइप करून ऐकणाऱ्या माणसांशी फोनवर बोलता यावं यासाठी देशभर मध्यस्थ सेवा देणं टेलिफोन कंपन्यांना बंधनकारक झालं. ज्या कंपन्यांच्या नियमाला वळसा घालून दोन कपांत फोन ठेवावा लागला होता, त्यांच्यावरच आता ही जबाबदारी आली. नंतर एसएमएस, चॅट, व्हिडिओ कॉल आले आणि हा मॉडेम मागे पडत गेला. २०१६ च्या शेवटी तिथल्या दूरसंचार आयोगाने मोबाईल कंपन्यांना त्याच्याऐवजी नवी इंटरनेटवरची पद्धत वापरायला परवानगी दिली.

मग हे रिकामटेकडे आहेत का?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. आज जी मंडळी जुने टेलिप्रिंटर दुरुस्त करतात, ती नेमकं तेच करतात जे वाइटब्रेक्टने पन्नासच्या दशकात केलं. हॅम रेडिओवर रेडिओ-टेलिप्रिंटर आजही जिवंत आहे. त्याच्या स्पर्धा भरतात, वेग तोच ४५.४५ बॉड, फक्त दोन सुरांमधलं अंतर ८५० वरून १७० हर्ट्झवर आलंय आणि बहुतेकांचं यंत्र म्हणजे साउंड कार्ड आणि एक प्रोग्रॅम. १९७८ मध्ये कॅनडात हॅम लोकांनी पॅकेट रेडिओ सुरू केला. त्यात टेलिफोनच्या मॉडेमचेच १२०० आणि २२०० हर्ट्झचे सूर रेडिओवर वापरले जातात. म्हणजे एकदा रेडिओवरचं तंत्र फोनवर गेलं आणि नंतर फोनवरचं रेडिओवर आलं. १९८१ साली तर हॅम लोकांना इंटरनेटवर ४४ ने सुरू होणारे सगळे पत्ते देऊन टाकले गेले, एक कोटी सदुसष्ट लाखांच्या वर! त्यातला पाव हिस्सा २०१९ मध्ये अॅमेझॉनला विकला गेला. बाकीचे अजून हौशी लोकांसाठीच आहेत.

या छंदाचा फायदा काय, असं विचारलं तर लगेच सांगता येत नाही. १९५५ साली कोणी वाइटब्रेक्टला विचारलं असतं तर त्यालाही सांगता आलं नसतं. त्याला फक्त खरखरीतून सूर वेगळा काढायची हौस होती. नऊ वर्षांनी मार्स्टर्सचा प्रश्न समोर आला तेव्हा उत्तराचे सगळे तुकडे त्याच्या हातात तयार होते. बेल लॅब्सकडे त्याच्यापेक्षा शंभर पट सामग्री होती. पण ज्याला फोन करता येत नाही असा माणूस आणि ज्याला टेलिप्रिंटर आतून-बाहेरून माहीत आहे असा माणूस, हे दोघं एकाच खुर्चीत बसलेले फक्त त्याच्याच घरी होते.

आपल्याला यातून काय करता येईल? दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक म्हणजे, आपल्या देशातही हॅमचा परवाना मिळतो, वयाची बारा वर्षं पूर्ण असली की परीक्षेला बसता येतं. आपण सगळे त्या अटीत कधीच बसलोय. दुसरी, मिनी प्रोजेक्टसाठी विषय शोधत असाल तर हा घ्या. एका मोबाईलवरून १४०० आणि १८०० हर्ट्झचे सूर ४५.४५ बॉडने वाजवायचे, दुसऱ्या बाजूला एक माइक आणि छोटा मायक्रोकंट्रोलर ठेवून ते ओळखायचे आणि पडद्यावर अक्षरं दाखवायची. सूर हवेतूनच जाणार, त्यामुळे परवान्याची गरज नाही. खर्च मेसच्या एका महिन्याच्या बिलापेक्षा कमी. आणि मेसमधल्या गोंगाटात ते चालवून दाखवा, म्हणजे वाइटब्रेक्टने काय केलं होतं ते बरोबर कळेल!

आणि हो, डिपार्टमेंटच्या स्टोअरमधून जुनं सामान भंगारात काढायची वेळ आली की आधी एकदा आपल्याला बोलवावं, अशी स्टाफला नम्र विनंती.